याकुमो आणि शेजाऱ्यांचे लायसन्स

१४ जून २०२४, शुक्रवार, सकाळी सहा वाजता शेजाऱ्यांचा फोन आला. ते म्हणाले, "सुटते आहे. या."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. पत्नीने विचारले, "अहो, कोण सुटतंय? हॉस्पिटलमधून?"

"गाडी. जपानमधली."

"मग चहा संपवून जा की. ती काय तुमच्यासाठी थांबणारे?"

ती थांबणार नव्हती, म्हणूनच मी निघालो. दोन घरांच्या मध्ये कुंपण नाही, नुसते गवत आहे. दव पडले होते. चपला भिजल्या.

शेजारी जपानी आहेत. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. दोघेही मोटारींच्या सस्पेन्शनचे काम करून निवृत्त झालो, ते एका कंपनीतून, मी दुसरीतून. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये जपानी आणि मराठी इंजिनियर शेजारी शेजारी राहतात यात नवल नाही. गाव मोटारींवरच पोसले गेले आहे. आम्ही आपसांत इंग्रजी बोलतो. ते दोघांचेही कामापुरते आहे, त्यामुळे निष्कारण बोलणे होत नाही. माझी पत्नी मात्र त्यांच्याशी मराठी मिसळून बोलते आणि त्यांना 'भावोजी' म्हणते. ही काही पदवी असावी अशी त्यांची समजूत आहे. आमच्या घरी फोन केला आणि तिने उचलला, तर ते "भावोजी बोलतो" असे गंभीरपणे सांगतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब्लेट उभा केला होता. पडद्यावर ओकायामा स्थानकाचा फलाट दिसत होता. आमची सकाळ म्हणजे तिथली दिवेलागण. फलाटावर माणसांची दाटी होती, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. याकुमो गाडीच्या जुन्या डब्यांचा नियमित सेवेतला तो शेवटचा दिवस, आणि त्या दिवशीच्या अखेरच्या गाड्यांपैकी एक समोर उभी होती. कोणी हौशी माणूस फलाटावरून थेट दाखवत होता. शिट्टी झाली. दारे मिटली. चालकाने पांढरा हातमोजा घातलेला हात पुढे करून सिग्नलकडे बोट दाखवले, तोंडाने काही म्हटले आणि गाडी हलली. लोक हात हालवत राहिले. कोणीतरी मोठ्याने आभार मानले. शेवटचा डबा गेला आणि रिकामे रूळ राहिले.

शेजाऱ्यांनी टॅब्लेट बंद केला. "वेळेवर सुटली," ते म्हणाले.

त्या गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

याकुमो ही जपानी 'तोक्क्यू' गाडी. तोक्क्यू म्हणजे खास जलद: मोजक्या स्थानकांवर थांबणारी, साध्या तिकिटावर आणखी एक तिकीट घ्यावे लागणारी. ती ओकायामाहून निघते, नदीच्या काठाने डोंगरात शिरते, डोंगर ओलांडते आणि पलीकडच्या समुद्राजवळ, इझुमोला पोहोचते. नावाचा अर्थ आठ पदरी ढग. त्या प्रांताशी ते नाव फार जुन्या काळापासून जोडलेले आहे. १९७२ साली बुलेट ट्रेन ओकायामापर्यंत आली. तिथे उतरणाऱ्या प्रवाशांना डोंगरापलीकडे नेण्यासाठी ही गाडी सुरू झाली. तेव्हा ती डिझेलवर चाले. शेजाऱ्यांचे वडील ती चालवत. कुटुंब निइमीला राहत असे. ते मार्गाच्या मध्यावरचे, डोंगरातले रेल्वेचे गाव आहे.

१९८२ साली मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि त्यांच्याबरोबर नवे डबे आले. हे डबे वळणावर आतल्या अंगाला कलत. पाण्याने भरलेली बादली हातात धरून झोका दिला तर पाणी सांडत नाही, कारण बादली झोक्याबरोबर स्वतःच कलते. तेच तत्त्व डब्याला लावले होते. डोंगरातल्या वळणांवर त्यामुळे वेग कमी करावा लागत नसे. जपानमध्ये हे डबे आधी नागोया ते नागानो मार्गावर धावले होते, मग इथे आले.

तत्त्व बरोबर होते. चूक वेळेची होती. डबा रोलरांवर टेकलेला, आणि रोलर सुरुवातीला अडत. वळण सुरू झाले तरी डबा सरळच राही, मग एकदम कले. वळण संपले तरी तो कललेलाच राही, मग एकदम सरळ होई. पोटाला हा उशीर सोसत नाही. गाडीत हात धुण्याच्या जागी कागदी पिशव्या ठेवलेल्या असत आणि त्यांचा उपयोग होत असे. डोंगरातला मार्ग नदीच्या वळणांनी गेलेला, त्यामुळे एका वळणातून सावरेपर्यंत दुसरे येई.

शेजाऱ्यांच्या वडिलांनी ते डबे पाहिले आणि निवृत्ती घेतली. ते म्हणाले होते, "मी वळलो की मागाहून वळणारी गाडी मला नको. असा मुलगा एक घरात आहे तेवढा पुरे."

मी त्या गाडीत एकदाच बसलो. ऐंशीचे दशक संपत आले होते. कंपनीने मला शॉक अब्सॉर्बरच्या डॅम्पिंगच्या, म्हणजे हेलकावे जिरवण्याच्या, कामासाठी ओकायामाला पाठवले होते, आणि समोरच्या कंपनीच्या बाजूने हे गृहस्थ होते. रविवारी त्यांनी मला निइमीला आपल्या घरी नेले. जाताना मी त्यांना सांगितले की चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूत मला आजवर मळमळले नाही. ताकाहाशी गावाच्या पुढे दरी अरुंद झाली. मी बोलणे थांबवले. त्यांनी उठून कागदी पिशवी आणली, तिचे तोंड उघडून माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. माझे आटोपल्यावर त्यांनी विचारले, "आपले मत?"

"डॅम्पिंग कमी आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पुढे ते मिशिगनला आले, आणि शेजारचे घर विकाऊ झाल्यावर मी त्यांना कळवले. या मैत्रीची हकीकत एवढीच.

जुन्यांच्या जागी आता आलेल्या नव्या डब्यांत हा प्रश्न सुटला आहे. पुढचे वळण कुठे आहे, केवढे आहे हे गाडीला आधीच ठाऊक असते. आपण मार्गावर नेमके कुठे आहोत हे ती पडताळत जाते आणि वळणाबरोबर कलते, मागाहून नाही. मळमळ पुष्कळ कमी झाली असे म्हणतात. आम्ही दोघांनी त्यावर एक हिवाळा चर्चा केली. शेजारी त्या गाडीत बसलेले नाहीत. बसण्याचा संभवही नाही, कारण त्यांना घर सोडून कुठे जाता येत नाही.

त्यांची पत्नी जवळच्या ॲन आर्बर शहरातल्या एका शुश्रूषागृहात आहे. स्मृती गेली आहे. मूलबाळ नाही. त्या रोज दुपारी बारा वाजता जेवतात आणि नवऱ्याच्या हातूनच जेवतात. दुसऱ्या कोणी भरवले तर तोंड मिटून घेतात. बारा टळले तरी तेच. एका हिवाळ्यात शेजाऱ्यांची मोटार दुरुस्तीला होती, बोलावलेली टॅक्सी बर्फात अडकली, आणि त्या दिवशी पत्नीने संध्याकाळपर्यंत काही घेतले नाही. तेव्हापासून शेजारी दुसऱ्याच्या वाहनावर विसंबत नाहीत. रोज स्वतः मोटार घेऊन जातात. इथे मोटारीला पर्यायही नाही.

त्या वसंतात त्यांनी घराजवळच्याच चौकात स्टॉपची पाटी ओलांडली. पाटी त्यांनी पाहिलीच नाही. मागे पोलिसाची गाडी होती. त्याने दंड केला, वय पाहिले आणि पुन्हा तपासणी व्हावी असे वर कळवले. लायसन्स कचेरीने डोळे तपासून घेतले, डॉक्टरांचा दाखला मागवला आणि रस्त्यावरच्या परीक्षेसाठी तारीख दिली. ती नेमकी १४ जून निघाली. सकाळी साडेनऊ. योगायोगाला मी महत्त्व देत नाही. उत्तीर्ण झाले तर रोजचे दुपारचे जेवण चालू राहणार होते, एवढेच महत्त्वाचे होते.

तयारी आम्ही इंजिनियरांनी करावी तशी केली. डोळे चांगले होते. पाय ब्रेकवर वेळेत जात होता. दोष लक्ष देण्यात होता: पाहिलेली गोष्ट डोक्यात नोंदली जात नव्हती. त्यावर उपाय शेजाऱ्यांनी स्वतःच शोधला. जपानी रेल्वेत चालकाला सिग्नल नुसता पाहून चालत नाही. त्याकडे बोट दाखवायचे आणि सिग्नल काय आहे ते मोठ्याने म्हणायचे. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर येतात, आणि चूक होण्याचे प्रमाण घटते. वडील हे सारे आयुष्य करत आले होते. जेवायला बसतानाही ते भाताच्या वाडग्याकडे बोट दाखवून "भात, ठीक" म्हणत असे शेजारी सांगतात. यात थट्टा किती ते मला ठाऊक नाही.

शेजाऱ्यांनी ती पद्धत मोटारीत सुरू केली. मी बाजूला बसून पाहत असे. उजवा हात स्टीअरिंगच्या चाकावरून उचलून ते सिग्नलकडे बोट दाखवत आणि जपानीत पुकारत. स्टॉपची पाटी आली की तिच्याकडे. रस्ता ओलांडणारी माणसे, त्यांच्याकडे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांची एकही पाटी चुकली नाही. पद्धत शास्त्रशुद्ध आहे असा मी शेरा दिला.

पत्नीचे मत वेगळे होते. त्या सकाळी ते मला घ्यायला दारात आले तेव्हा ती वाटी घेऊन बाहेर आली.

"भावोजी, हात पुढे करा. दही-साखर. एग्झामला जाताना घ्यायची असते."

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, वाकले आणि खाल्ले.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "ती बोटं नाचवू नका हं गाडीत. नो फिंगर. इथली माणसं वेड्यात काढतील."

"ती पद्धत आहे," मी म्हणालो.

"असेल. मी काय म्हणते, पास व्हायचंय ना? मग जसं त्यांना आवडतं तसं चालवायचं. तुम्ही दोघं परीक्षेला चाललाय, पेपर वाचायला नाही चालला कॉन्फरन्समध्ये."

शेजाऱ्यांनी मला विचारले, "वहिनी काय म्हणतात?" हा एक शब्द त्यांना येतो.

"शुभेच्छा देते आहे," मी सांगितले.

कचेरीत गर्दी होती. परीक्षक पन्नाशीच्या बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी शेजाऱ्यांचे नाव पुकारले, मोटारीचे दिवे आणि ब्रेकचे दिवे तपासले आणि बाजूच्या सीटवर बसल्या. सोबत आलेल्याने आतच थांबायचे असा नियम होता. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो. मोटार पार्किंगमधून बाहेर पडताना दिसली. रस्त्याच्या तोंडाशी ती थांबली. काचेतून हात वर झालेला दिसला, डावीकडे बोट, उजवीकडे बोट. मग ती वळली. वळण उत्तम घेतले होते.

शेजारच्या खुर्च्यांवर एक तरुण मराठी जोडपे होते. मला पाहून मुलगा म्हणाला, "काका, रिन्यूअल का? ऑनलाइन होतं की आता." मी म्हणालो, माझे नाही. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा," आणि बायकोला हळू आवाजात म्हणाला, "काकूंचं असेल यार." मी खुलासा केला नाही.

मोटार अपेक्षेपेक्षा लवकर परत आली. परीक्षक बाई आधी उतरल्या. शेजारी चाकामागेच बसून राहिले. मी बाहेर गेलो. बाईंनी मला विचारले की आपण यांचे कोण. मी शेजारी असे सांगितले. त्या म्हणाल्या, "परत जाताना तुम्ही चालवा. सर फार सभ्य आहेत. मला वाईट वाटते." त्या आत गेल्या.

शेजारी उतरले, मोटारीला पुढून वळसा घालून माझ्याजवळ आले आणि किल्ली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"काय झाले?" मी विचारले.

"पहिल्या सिग्नलला मी बोट दाखवले आणि पुकारले. त्या म्हणाल्या, दोन्ही हात चाकावर ठेवा, आणि कृपया बोलू नका, मला सूचना द्यायच्या असतात. रास्त होते. मी हात ठेवले. बोललो नाही."

"मग?"

"पुढचा सिग्नल हिरवा होता. मी थांबलो."

"हिरव्याला?"

"हो. मागे ट्रक होता. त्याने भोंगा वाजवला. बाई म्हणाल्या, हिरवा आहे. मी म्हणालो, दिसतो आहे."

"दिसत होता तर थांबलात का?"

त्यांनी थोडा विचार केला. "तोंडाने म्हटला नव्हता," ते म्हणाले.

काही काळाने पुन्हा परीक्षा देता येईल असे बाईंनी त्यांना सांगितले होते. मी म्हणालो, तोवर सराव करू, हात चाकावर ठेवून मनातल्या मनात पुकारण्याचा. त्यांनी मान हलवून नकार दिला. "आज हिरव्याला थांबलो. पुढे कधी लाल असताना जाईन. परीक्षा बरोबर झाली." इंजिनियर म्हणून मला त्यावर हरकत घेता आली नाही.

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. बारा वाजायला अवकाश होता. "आपण घरी जा," ते म्हणाले. "मी टॅक्सी बोलावतो."

"बसा," मी म्हणालो.

"आपल्याला त्रास."

"बसा. तुमचीच मोटार आहे."

ते माझ्या उजव्या बाजूला बसले. त्या मोटारीत त्यांना त्या सीटवर मी कधी पाहिले नव्हते. पट्टा कुठे अडकतो ते त्यांना शोधावे लागले.

हायवेला लागेपर्यंत दोन सिग्नल आले. दोन्ही वेळा त्यांचा हात वर झाला आणि आवाज आला. मी म्हणालो, "मला दिसतो आहे."

"क्षमा करा. सवय."

हायवेवर सिग्नल नसतात. मी त्यांच्या अडचणीचा विचार करत होतो आणि मार्ग सापडत नव्हता. रोज नेतो असे म्हटले तर ते नको म्हणणार, हे मला ठाऊक होते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटले असते. उपकार घेणे त्यांना येत नाही. मलाही येत नाही. एकदा त्यांनी माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, तर मी दुसऱ्या दिवशी त्यांचा काढला, आणि त्या पूर्ण हिवाळ्यात आम्ही दोघे एकमेकांच्या आधी उठण्याचा प्रयत्न करत होतो.

ॲन आर्बरमध्ये शिरलो. विद्यापीठाच्या भागात रस्ते अरुंद आहेत. पुढे बस होती, उजवीकडे सायकलवाले. माझे लक्ष सायकलींकडे होते. बस चौक ओलांडून गेली, मी तिच्यामागे जात होतो, आणि बाजूने तो जपानी शब्द आला. या खेपेस मोठ्याने. हात माझ्या डोळ्यांसमोर आडवा आला होता. मी ब्रेक दाबला. मोटार पांढऱ्या पट्ट्यावर थांबली. वर पाहिले. सिग्नल लाल होता. बसच्या आड होता, मग बस गेली आणि समोर होता, तरी मी तो पाहिला नव्हता. डावीकडून एक लाल मोटार आमच्या नाकासमोरून गेली.

सिग्नल बदलला. त्यांनी बोट दाखवले, पुकारले. मी निघालो.

शुश्रूषागृहात वेळेवर पोहोचलो. मी सहसा दालनाबाहेर बसतो. त्या दिवशी दार उघडे होते. शेजाऱ्यांची पत्नी, आमच्या वहिनी, खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत होत्या. शेजाऱ्यांनी भात कालवला आणि घास घास करून भरवला. घाई नव्हती. परीक्षेविषयी ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी टॅब्लेट काढला आणि सकाळच्या गाडीचे चित्रण वहिनींना दाखवले. लग्नानंतरची कितीतरी वर्षे त्या गाडीने त्या दोघांनी ओकायामा ते निइमी ये-जा केली होती. वहिनी ओकायामाच्या. सासरी जाताना त्यांना प्रत्येक वेळी ओकारी होई. शेवटी शेवटी त्या नवऱ्याला तोक्क्यूने पाठवत आणि स्वतः साध्या गाडीने मागून येत.

वहिनींनी पडद्याकडे पाहिले. गाडी फलाटावरून हलली तशी त्यांनी मान फिरवली आणि काही म्हटले. शेजारी मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना मी क्वचित पाहिले आहे.

"काय म्हणाल्या?" मी दारातून विचारले.

"म्हणते, मी यात बसणार नाही."

त्यांनी टॅब्लेट पिशवीत ठेवला, वहिनींचे तोंड पुसले, रुमाल घडी केला. आम्ही निघालो.

परतताना मोटारीत त्यांनी विषय काढला. सोमवारपासून टॅक्सी ठरवीन म्हणाले. शनिवार-रविवारचेही बघतो. टॅक्सीवाल्याला साडेदहालाच बोलावले तर बर्फातही उशीर होणार नाही. त्यांनी सर्व आखले होते. मी ऐकून घेतले.

मग म्हणालो, "मघाचा सिग्नल मी पाहिला नव्हता."

"ठाऊक आहे."

"तुम्ही नसता तर आपल्याला धडक बसली असती."

"कदाचित."

"माझे लायसन्स अजून आहे. डोळे तुमच्यापेक्षा बरे नाहीत. दोघांपैकी एकाचे हात चाकावर असले म्हणजे झाले. दुसरा मोकळा असतो. त्याने बोट दाखवले तर कोणत्याही परीक्षकाची हरकत असण्याचे कारण नाही."

हायवे संपून आमच्या गावचा सिग्नल आला. पिवळा. त्यांनी बोट दाखवले, पुकारले, आणि हात खाली घेतला नाही.

"चालकाने उत्तर द्यायचे असते," ते म्हणाले. "एकाने पुकारायचे, दुसऱ्याने तेच म्हणायचे. उत्तर आले नाही तर पुकारणाऱ्याला कळत नाही की ऐकले की नाही. उत्तर दिले नाही तर मी येणार नाही."

"जपानीत?"

"कशातही."

"पिवळा," मी मराठीत म्हणालो आणि थांबलो. बाजूच्या मोटारीतली एक बाई आमच्याकडे पाहत होती.

"आवाज लहान आहे," ते म्हणाले.

"पिवळा!"

"आता लाल आहे."

त्यांच्या ड्राइव्हवेत मोटार लावली. ते उतरले. "उद्या अकराला?" त्यांनी विचारले.

"पावणेअकराला. माझ्या मोटारीने. तुमची सीट मला उंच पडते."

त्यांनी मान लववली. मीही लववली.

घरी पत्नी दारातच होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळले असे नाही. मी चेहऱ्यावरून कळू देत नाही. शेजाऱ्यांच्या मोटारीतून चालकाच्या बाजूने मी उतरताना तिने पाहिले होते.

"कॅन्सल केलं ना लायसन्स?"

"हो."

"बोट दाखवलं?"

"हो."

"मी सांगितलं होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, मग वहिनींचं जेवण?"

"मी नेतो रोज."

"रोज?" ती खुर्चीवर बसली. "तुमचं वय काय? आणि तुमचं लायसन्स कोण बघणारे? मी ग्रुपवर टाकू का? मंडळातले सगळे टर्न घेतील. सोमवार एकाचा, मंगळवार एकाचा."

"नको."

"का नको?"

"ते रोज नव्या माणसाच्या मोटारीत बसणार नाहीत. आणि लोक उत्तर देणार नाहीत."

"कसलं उत्तर?"

मी तिला पद्धत समजावून सांगितली. तिने पूर्ण ऐकली. "म्हणजे तुम्ही दोघं म्हातारे रोज ॲन आर्बरपर्यंत लाल-हिरवा ओरडत जाणार," ती म्हणाली.

"हायवेवर सिग्नल नसतात."

"बरं," ती म्हणाली. "मग डबा देत जाईन. भावोजींना दुपारचं काही मिळत नसेल. तुम्हालाही." उठून ती आत गेली, आणि तांदळाच्या डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

दुपारी मी झोपलो नाही. चार वाजता माझी मोटार बाहेर काढली. बाजूच्या सीटवर कागदांचे खोके होते, मागच्या खिडकीशी छत्र्या होत्या. ते सगळे गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. समोरची काच आतून-बाहेरून पुसली. मग पेट्रोल भरायला पंपावर गेलो. टाकी अर्धी होती, ती पूर्ण भरली. चाकांतली हवा तपासली. पुढच्या उजव्या चाकात कमी होती. ती भरली आणि व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवली.